धमनीकाठिण्याशी गल्लत होणारे विकार

धमनीकाठिण्य किंवा रोहिणीकाठिण्य म्हणजे धमन्यांच्या भिंती जाड व कडक होऊन त्यांची लवचीकता जाणे. हे एका रोगाचे नाव नाही, तीन निरनिराळ्या बदलांना मिळून दिलेले नाव आहे. ‘आर्टेरिओस्क्लेरोसिस’ हा मूळ शब्द स्ट्रासबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ ज्याँ लोबश्टाइन यांनी १८२९ साली योजला. धमनीच्या आतल्या अस्तरात मेद साचून थर धरतो, त्या प्रकाराला ‘अथेरोस्क्लेरोसिस’ हे वेगळे नाव फेलिक्स मार्शां यांनी १९०४ साली दिले. दवाखान्यात ‘ब्लॉकेज’ म्हणतात ते बहुधा हेच. दुसऱ्या प्रकारात धमनीच्या मधल्या स्नायूथरात चुना साठतो. तिसरा प्रकार बारीक धमनिकांचा असून उच्च रक्तदाब व मधुमेहात आढळतो. पण चालताना पोटरी दुखणे, पाय गार पडणे, बोट काळे पडणे, मनगटाची नाडी न लागणे, छातीत कळ येणे ही लक्षणे या तिन्हींच्या बाहेरच्या अनेक विकारांतही दिसतात, आणि त्यांचे उपचार पार वेगळे असतात.

मराठीत या गोंधळात भाषाही भर घालते. ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द आपण धमनीला वापरतो, नीलेला वापरतो आणि मज्जातंतूलाही वापरतो. ‘नस दबली’ म्हणजे मणक्यात तंतू दबला, ‘नस चोंदली’ म्हणजे रक्त अडले, ‘नसा फुगल्या’ म्हणजे नीला फुगल्या. रुग्ण ‘नसेचा त्रास आहे’ एवढेच सांगतो. ऐकणाऱ्याने ती नस कोणती हे विचारले नाही, तर चुकीची सुरुवात तिथेच होते.

सर्वांत जास्त गल्लत पायाच्या दुखण्यात होते. चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर तो जाणे हे धमनी अरुंद झाल्याचे ठळक लक्षण. घोड्यांमधील असे लंगडणे फ्रेंच पशुवैद्य बूले यांनी १८३१ साली वर्णिले, तर माणसांतील लंगडण्याकडे शार्को यांनी १८५८ साली लक्ष वेधले. कमरेच्या मणक्यातील पोकळी अरुंद होऊन तंतू आवळले गेले तरी चालताना हुबेहूब असेच पाय भरून येतात. नेदरलँड्सचे मेंदूशल्यविशारद हेंक फेर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे स्पष्ट चित्र मांडले. दोन्ही विकार उतारवयातले, दोन्हींत माणूस शे-दोनशे पावलांवर अडतो. फरक कळतो तो दुखणे शमते कसे यावरून. धमनीचा रुग्ण नुसता उभा राहिला तरी काही मिनिटांत मोकळा होतो. मणक्याच्या रुग्णाला बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते, कारण वाकल्यावर मणक्यातील जागा थोडी वाढते. म्हणूनच त्याला सायकल चालवता येते, घाट चढताना बरे वाटते आणि उतरताना पाय धरतात. धमनीच्या रुग्णाचे नेमके उलट, त्याला चढच जड जातो. मणक्याच्या विकारात पावलावरची नाडी ठणठणीत लागते. माझ्या मते या दोन विकारांसाठी महागड्या तपासणीआधी हे दोन प्रश्न आणि नाडीवरची दोन बोटे पुरेशी दिशा देतात. अर्थात एकाच म्हाताऱ्या माणसाला दोन्ही विकार असू शकतात, आणि तसे असतातही.

तरुण, व्यायाम करणाऱ्या मुलाची पोटरी धावताना दुखत असेल तर गुडघ्यामागे धमनी स्नायूच्या कचाट्यात सापडल्याची शक्यता पाहावी लागते. जन्मतःच धमनीची वाट किंवा पोटरीच्या स्नायूचे मूळ थोडे सरकलेले असते आणि दर पावलाला धमनी चेपली जाते. ही रचना पहिल्यांदा १८७९ साली एडिंबरोमध्ये टी. पी. अँडरसन स्ट्युअर्ट या वैद्यकीय विद्यार्थ्याने कापलेल्या पायाचे विच्छेदन करताना नोंदवली. स्नायूचा तो बंध वेळीच सोडवला तर धमनी वाचते.

बुर्गर विकार हा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. ऑस्ट्रियन शल्यचिकित्सक फेलिक्स फोन विनिवार्टर यांनी तो १८७९ साली पाहिला होता, पण त्याची सविस्तर ओळख न्यूयॉर्कच्या लिओ बुर्गर यांनी १९०८ साली कापाव्या लागलेल्या पायांचा अभ्यास करून पटवली. रुग्ण बहुतेक वेळा पंचेचाळिशीच्या आतला पुरुष आणि तंबाखूचा नेमाने वापर करणारा असतो. भारतात त्यात बिडी ओढणारे मोठ्या संख्येने दिसतात. तंबाखू चघळणाऱ्यांतही हा विकार आढळला आहे. पायाचे बोट काळे पडले की घरचे म्हणतात ‘साखर असेल’, आणि साखर नसली तर ‘कोलेस्टेरॉलने नस बंद झाली’. दोन्ही चूक. येथे मेदाचा थर नसतो. धमनीत व शेजारच्या नीलेत दाह होऊन रक्ताची गुठळी जमते, भिंतीची चौकट मात्र बरीचशी शाबूत राहते. रोग टोकाकडून सुरू होतो. मांडीची नाडी जोरकस असते आणि पावलाची हरवलेली असते. दुखणे पोटरीआधी बरेचदा तळपायाच्या कमानीत येते, हातांची बोटेही गार पडतात, आणि कधी कातडीखालच्या नीलेत लाल, दुखरी दोरी उमटते, विरते व दुसरीकडे पुन्हा उमटते. अँजिओग्राफीत बंद धमनीभोवती बूच काढायच्या मळसूत्रासारख्या नागमोडी पर्यायी वाटा दिसतात. खालच्या धमन्याच बंद असल्याने बायपास जोडायला जागा फारशी उरत नाही. खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण सोडणे. बोट काळे पडण्याआधी जो सोडतो त्याचा पाय बहुधा वाचतो. दिवसाला एखादी बिडी चालू ठेवली तरी रोग पुढे सरकतो. या रुग्णाला कोलेस्टेरॉलची गोळी देऊन घरी पाठवणे म्हणजे त्याच्या पायाची उरलेली मुदत वाया घालवणे आहे.

त्याच १९०८ साली जपानमध्ये कानाझावा येथील नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची चक्राकार गुंफण पाहिली. हे निरीक्षण त्यांनी ज्या परिषदेत मांडले, तिथेच त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे सांगितले. ताकायासू विकार किंवा ‘नाडीहीन रोग’ तो हाच. महाधमनी व तिच्या फांद्यांच्या भिंतींना सूज येते, भिंती जाड होतात आणि शेवटी वाट अरुंद होते. आशियात तो जास्त दिसतो. भारतात पोटातील महाधमनी व मूत्रपिंडाच्या धमन्या पुष्कळदा सापडतात, म्हणून पहिली खूण वाढलेला रक्तदाब असते. पंचविशीतल्या बाईला थकवा, बारीक ताप, हात उंच धरून केस विंचरताना दंड भरून येणे अशा तक्रारी असतात. घरात त्या ‘अशक्तपणा’वर जातात. त्यातही वाईट म्हणजे ज्या हाताची धमनी अरुंद आहे त्याच हाताचा रक्तदाब मोजला तर तो खोटा कमी येतो. दोन्ही हातांचा रक्तदाब एकदा तरी मोजावा हा नियम या रोगासाठी फार मोलाचा आहे. सूज चढती असताना औषध स्टेरॉइड व तत्सम प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचे. सूज शांत होण्याआधी धमनी आतून रुंद करणारा फुगा किंवा ती उघडी धरणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घातला तर धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. पन्नाशीनंतर कानशिलाच्या धमनीला सूज येणारा जो विकार आहे, तो उत्तर युरोपात अधिक आढळतो. नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे ही त्याची लक्षणे, आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.

गल्लत उलट दिशेनेही होते. १९०३ साली योहान गेऑर्ग म्योंकेबेर्ग यांनी वर्णिलेला मधल्या थरातील चुन्याचा साठा क्ष-किरण चित्रात रुळांसारख्या दोन समांतर रेषांत दिसतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार व म्हातारपण यांत तो नेहमीचा. चित्र पाहून रुग्ण घाबरतो, पण या साठ्याने आतली वाट स्वतः बंद होत नाही. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून जो निर्देशांक काढतात तो ०.९० किंवा त्याखाली असला तर पायाच्या धमन्या अरुंद मानतात. कडक धमनी मात्र पट्ट्याने दबतच नाही, त्यामुळे आकडा १.४० च्या वर जातो आणि खरोखर रक्त कमी असलेला पायही निरोगी भासतो. तेव्हा अंगठ्याचा रक्तदाब घ्यावा लागतो, कारण बोटांच्या धमन्या तुलनेने कमी कडक होतात. मधुमेहात तळपायांची रात्रीची आग तंतूंच्या बिघाडाने होते. असा पाय अनेकदा उबदार असतो आणि नाडी चांगली असते. पण बधिर तंतू व अरुंद धमनी एकाच पायात नांदत असतील तर जखम होते, ती दुखत नाही आणि भरतही नाही. इथे ‘हे की ते’ असा प्रश्न विचारणेच चुकीचे.

तरुणपणी रक्तदाब वाढण्याची आणखी दोन कारणे थोडक्यात सांगतो. महाधमनी जन्मतःच एका जागी आवळलेली असेल तर हातांचा दाब जास्त, पायांचा कमी आणि मांडीची नाडी उशिरा लागते. मूत्रपिंडाच्या धमनीच्या भिंतीतील तंतू व स्नायूंची घडण बिघडली तर ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. हा विकार मुख्यतः स्त्रियांत आढळतो, तरी १९३८ सालच्या पहिल्या नोंदीतील रुग्ण साडेपाच वर्षांचा मुलगा होता. मेदाचा थर धमनीच्या तोंडाशी धरतो, माळ मात्र पुढच्या भागात असते. इथे स्टेंटची गरज सहसा पडत नाही, फुगा पुरतो.

पाय अचानक गार व फिका पडला, तो हलेना, त्याला स्पर्श कळेना, तर ते नुसत्या हळूहळू कोंदणाऱ्या धमनीचे चिन्ह नसते. बरेचदा हृदयातून सुटलेली गुठळी तिथे अडकलेली असते. आपल्याकडे सांधेतापाने अरुंद झालेली हृदयाची झडप हे त्याचे जुने कारण. पाय वाचवायला हाताशी काही तासच असतात.

अरगटाने होणारे आकुंचन आता विरळ आहे. राय या गव्हासारख्या धान्याच्या कणसांवर वाढणाऱ्या या बुरशीने मध्ययुगीन युरोपात बोटे झडत. पश्चिम भारतात बाजरीवरच्या अरगटाने विषबाधा झाल्या, पण त्यांत ओकारी व गुंगी असे, बोटे झडत नसत. अर्धशिशीवरच्या अर्गोटॅमीन गोळ्या काही प्रतिजैविकांबरोबर घेतल्या तर मात्र आजही हातपाय गार पडू शकतात. थंडीने बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होणे हा मोरिस रेनो यांनी १८६२ साली सांगितलेला प्रकार. त्यात धमनी आकसते आणि पुन्हा मोकळी होते.

हृदयातही असे आकुंचन होते. मायरन प्रिंझमेटल यांनी १९५९ साली वर्णिलेली छातीतील कळ विश्रांतीच्या वेळी, बरेचदा पहाटे येते. तरुण स्त्रीला, विशेषतः बाळंतपणानंतर, झटका आला तर धमनीची भिंत आतून उसवली असण्याचा विचार करावा लागतो.

शेवटी मेंदू. ‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण म्हणत आलो आणि विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरही त्याला ‘मेंदूच्या शिरा कडक झाल्या’ असे नाव देत राहिले. आलॉइस आल्झायमर यांनी आपला प्रसिद्ध रुग्णवृत्तान्त १९०६ साली मांडला होता, तरी म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध जुळायला साठ वर्षे गेली. १९६८ ते १९७० मध्ये न्यूकासल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांच्या शवविच्छेदन-अभ्यासांनी आणि १९७४ साली हाचिन्स्की व सहकाऱ्यांनी दाखवले की धमन्या नुसत्या कडक झाल्याने स्मृती जात नाही. मेंदूचे लहान-मोठे भाग रक्ताअभावी मेले तर जाते, आणि पुष्कळांत आल्झायमरची विकृती असते. तरीही गावोगावी ते जुने निदान ऐकू येते. त्याच्या आड कधी कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी किंवा पडल्यानंतर कवटीखाली आठवड्यांनी साकळलेले रक्त दडलेले असते. यांतले पहिले इंजेक्शनने भरून काढता येते, दुसऱ्याला रोजची एक गोळी लागते आणि तिसऱ्यासाठी कवटीला छोटे छिद्र पाडून रक्त काढले की माणूस अनेकदा पुन्हा घरच्यांना ओळखू लागतो.