लैंगिक हिंसा : जुन्या साहित्यातील व संस्कृतीतील चित्रणाचा अभ्यास

जुन्या कथाकाव्यांत, चित्रांत, कायद्यांत व न्यायालयीन कागदपत्रांत लैंगिक हिंसा कशी रंगवली गेली, कशी झाकली गेली आणि तिचा दोष कोणाच्या माथी मारला गेला, याची चिकित्सा करणारे अभ्यासक्षेत्र. १९७० च्या दशकातील स्त्रीवादी चळवळीतून त्याला खरी गती मिळाली. बलात्कार हा वासनेपेक्षा सत्तेचा प्रश्न आहे, ही अमेरिकी लेखिका सूझन ब्राउनमिलर यांची १९७५ मधील मांडणी गाजली. या मांडणीतील वंशविषयक विवेचनावर कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत अँजेला डेव्हिस यांनी केलेली टीकाही तितकीच महत्त्वाची आहे.

या क्षेत्रात पुन्हापुन्हा तपासली गेलेली कथा म्हणजे रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेली ल्युक्रीशिया या कुलीन रोमन विवाहितेची. राजपुत्र सेक्स्टस टार्क्विनियस तिला नुसते ठार मारण्याची धमकी देत नाही; ‘तुझ्या शेजारी गुलामाचे प्रेत ठेवीन’ असे तो बजावतो. म्हणजे मेल्यावरही बदनामी टळणार नाही. या धमकीच्या जोरावर तो तिच्यावर बलात्कार करतो. ती घडलेले घरच्यांना सांगते आणि जीव देते. मग पुरुष राजसत्ता उलथून टाकतात. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने विचारले, ती निष्पाप होती तर तिने जीव का दिला? अत्याचार करणाऱ्याला सोडून सोसणारीचीच उलटतपासणी करण्याची ही रीत किती जुनी आहे, ते यातून दिसते.

कायदेग्रंथांतही संमतीचा विचार क्वचितच स्त्रीच्या बाजूने होतो. झोपलेल्या वा नशेतील मुलीशी केलेला समागम मनुस्मृतीने ‘पैशाच’ म्हणून अधम ठरवला, तरी त्याची गणना विवाहाच्या आठ प्रकारांतच केली. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात ‘रॅप्टस’ या एकाच संज्ञेखाली अपहरण आणि बलात्कार दोन्ही येत.

या संदिग्धतेमुळे कवी जेफ्री चॉसरविषयी दीर्घ वाद झाला. सेसिली शॉम्पेन हिने ‘रॅप्टस’संबंधीच्या दाव्यांतून त्याला मुक्त केल्याची १३८० मधील नोंद एकोणिसाव्या शतकात सापडली होती. २०२२ मध्ये यूअन रॉजर व सेबास्टियन सोबेकी या अभ्यासकांनी नवी कागदपत्रे पुढे आणली. तिच्या आधीच्या मालकाने मजूरविषयक कायद्याखाली केलेल्या दाव्यात ती आणि चॉसर दोघेही प्रतिवादी होते. त्यामुळे मूळ प्रकरण नोकरी सोडण्याचे असावे, असे त्यांचे मत. तरीही चॉसरच्या काव्यातील बलात्काराच्या प्रसंगांवर स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारलेले प्रश्न यामुळे निकालात निघत नाहीत. ते प्रश्न कवीच्या चरित्रावर कधीच अवलंबून नव्हते.

जुन्या दप्तरांत पीडितेचे स्वतःचे शब्द फार थोड्या ठिकाणी उरले आहेत, आणि तेही लेखनिकाच्या हातून आलेले. १६१२ मध्ये रोममध्ये चित्रकार आगोस्तिनो तास्सीवर चाललेल्या बलात्काराच्या खटल्यातील पीडित चित्रकर्ती आर्टेमिसिया जेंटिलेस्कीची साक्ष म्हणूनच मोलाची आहे. ती खरे बोलते की नाही हे पाहण्यासाठी तिची बोटे दोरीने आवळली गेली. आपले म्हणणे तिने बदलले नाही. तास्सी दोषी ठरला, पण शिक्षा त्याने जवळजवळ भोगलीच नाही. पुढे तिच्या प्रत्येक चित्रात त्या अत्याचाराचा सूड शोधण्याची प्रथा पडली. अलीकडच्या कलाइतिहासकारांनी या प्रथेला हरकत घेतली आहे: अशा वाचनात आर्टेमिसियाचे रंगकौशल्य, व्यवसायातील यश व आश्रयदाते मिळवण्याची हुशारी दिसेनाशी होते.