चिन टक दोन आहेत: डोकं मागे सरकवणं आणि झोपून होकार देणं

उन्हाळ्यात मान धरली की नागपुरात पहिला संशय कूलरच्या वाऱ्यावर जातो. पण 3 महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं वाऱ्याच्या माथी मारता येत नाही. अशा दुखण्यावर बहुतेकांना ‘चिन टक करा’, म्हणजे हनुवटी आत घ्या, असा सल्ला मिळतो. घोळ होतो तो तिथेच, कारण त्या एकाच नावाने दोन व्यायाम चालतात. दोन्हींत हनुवटीखाली घडी पडते, म्हणून आरशात सारखेच दिसतात.

डोकं मागे सरकवणं हा मुख्यतः सांध्यांचा व्यायाम. मिहानमधल्या ऑफिसात लॅपटॉपकडे डोकं पुढे काढून दिवसभर बसलं की मानेचे खालचे मणके पुढे वाकलेले राहतात आणि वरचे मागे कललेले. सरकवताना बरोबर उलट हालचाल होते. खुर्चीत अगदी मागे बसा, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेवर नजर लावा. टेबलाचा ड्रॉवर आत ढकलावा तसं डोकं आडव्या रेषेत मागे न्या. टोकाला 1-2 सेकंद थांबा, मग पूर्ण सोडा. असं 10 वेळा, दर 2 तासांनी. खूण नजरेतून वर-खाली झाली तर डोकं सरकत नाही, वाकतंय असं समजा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मानेऐवजी सगळं धडच मागे जाणं.

दुखणं दंडात किंवा हातात उतरत असेल तर ते कुठे सरकतं याकडे लक्ष ठेवा. हातातलं दुखणं मानेकडे वर येत असेल तर मान तात्पुरती जास्त दुखली तरी चालेल. बोटांकडे उतरू लागलं किंवा मुंग्या वाढल्या तर लगेच थांबा.

होकार हा स्नायूंचा व्यायाम, आणि सगळ्यात जास्त चुका यातच होतात. मणक्यांना समोरून चिकटलेले खोल स्नायू (लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस) जुन्या दुखण्यात ढिले पडतात. त्यांचं काम मग कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारा जाड, वरवरचा स्नायू करू लागतो. तो जोर लावतो, पण मणके एकेक करून सांभाळणं त्याला जमत नाही.

फरशीवर सतरंजी अंथरून उताणे झोपा, गुडघे वाकवा. झोळ पडलेल्या खाटेवर हा व्यायाम होत नाही. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील इतकीच टॉवेलची घडी डोक्याखाली घ्या. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. आता ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच मान हलवा. डोक्याची मागची बाजू टॉवेलवरून वर सरकते, उचलली जात नाही. 10 सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. 10 वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला 3-4 सेकंदच जमले तरी पुरे. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा: तिथे दोरीसारखा ताण लागला की जोर जास्त झाला. ‘आणखी जोरात’ केल्याने फायदा वाढत नाही, उलट चुकीचाच स्नायू पक्का होतो. फिजिओथेरपिस्ट याच कामासाठी मानेखाली हवेची पिशवी ठेवतात. तिचा दाब 20 मिमी पाऱ्यावरून 22, 24 असा 2-2 ने जास्तीत जास्त 30 पर्यंत न्यायचा असतो. एवढीशीच ती हालचाल.

दुखणं कवटीच्या तळाशी सुरू होऊन डोक्यात चढत असेल तर होकाराला प्राधान्य द्या. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीवरच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत होकार आणि फऱ्याच्या (खांद्यामागच्या) हाडाचे व्यायाम 6 आठवडे करून घेतले होते, आणि त्यांचा फायदा वर्षभरानंतरही टिकला होता. मान आखडलेली असेल, बसून बसून जड होत असेल तर दिवसभर सरकवणं आणि सकाळ-संध्याकाळ होकार असं दोन्ही करा. ताठ बसून राहणं हा मात्र उपाय नाही. कितीही सरळ बसा, दोन तास एकाच स्थितीत मान दुखणारच. दर अर्ध्या तासाने उठा.

पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, हातातून वस्तू सुटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा वजन घटणं: यांतलं काहीही असेल तर दोन्ही व्यायाम बाजूला ठेवा आणि मेडिकल, मेयो (नागपुरातली सरकारी रुग्णालयं) किंवा जवळच्या रुग्णालयात आधी डॉक्टरांना दाखवा.