पहिली बादली गढूळ का येते?

नळाला पाणी आलं की आमच्याकडे पहिली बादली फरशी पुसायला बाजूला काढतात. पिण्याचं भरायचं ते धार निवळल्यावर. घरोघरची ही सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे, आणि तिचं कारण गल्लीच्या तोंडाशी सापडतं.

तिथे चावीवाला चेंबरचं झाकण उचलतो, लांब दांड्याची चावी आत घालतो आणि वेढे मोजत व्हॉल्व्ह बंद करतो. आता पाळी दुसऱ्या भागाची. मागे पाइपात राहिलेलं पाणी उताराच्या घरांकडे निघून जातं आणि चढावरच्या भागात पोकळी तयार होते. दहा मीटर उंचीचं पाणी दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब देतं. असा दाब आतून असेपर्यंत फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर उडतं. ते वाया जातं खरं, पण घाण आत येत नाही. दाब गेला की तोच सांधा बाहेरचं आत ओढू लागतो. त्यात कुणी थेट नळाला मोटार लावली असेल तर ओढ आणखी वाढते. आणि बाहेर काय असतं? बऱ्याच गल्ल्यांत हातभर अंतरावर गळकी ड्रेनेज लाइन असते, तिने भिजलेली माती असते. पुन्हा पाणी सुटतं तेव्हा त्या लोंढ्यात पाइपाच्या भिंतीवरचा जंतूंचा बुळबुळीत थरही सुटून येतो. तीच आपली पहिली बादली.

हुबळी-धारवाडमध्ये 2008 पासून काही वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागलं. बाकी शहराला काही दिवसांआड. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. खंडित पुरवठ्याच्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत विष्ठेतून येणारा ई. कोलाय हा जंतू सापडला, अखंड पुरवठ्यात शंभरात एखाद्याच नमुन्यात.

म्हणून चोवीस तास पाण्याला चैन म्हणणं मला पटत नाही. कराडशेजारच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने मीटर लावून आणि वापर वाढेल तसा दर चढवून ते करून दाखवलं. पाणी कधीही येणार म्हटल्यावर माणूस पिंप भरून ठेवत नाही, की शिळं म्हणून ओतूनही देत नाही.

अडतं ते कारभारात. 74 व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातला. पण गळती कुठे आहे हे मीटरशिवाय कळत नाही, मीटर आले की दर ठरवावे लागतात, आणि दराचा विषय निवडणुकीपुढे मागे पडतो. बऱ्याच ठिकाणी पाण्याचं खातं वेगळं, ड्रेनेजचं वेगळं. वासाच्या पाण्याची तक्रार एका टेबलावर, तुंबलेल्या चेंबरची दुसऱ्या. खड्डा मात्र एकच असतो.

पाण्याला वास आला तर वॉर्ड ऑफिसकडे ओटी चाचणी मागा. ऑर्थोटोलिडीन नावाच्या रसायनाचे थेंब टाकून, जंतू मारायला घातलेलं क्लोरीन पाण्यात उरलंय का, हे ती सांगते. ती पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, तुमच्याच नळावर करायला लावा. नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ते असेल तर थेंब टाकताच पाणी पिवळं होतं. रंग आलाच नाही, तर वाटेत शिरलेल्या घाणीने क्लोरीन संपवलेलं असू शकतं. तेव्हा दोन्ही खात्यांच्या माणसांना एकाच वेळी गल्लीत बोलवा.