कंटेंट कॅलेंडर आणि बॅचिंग: घरगुती फराळाच्या धंद्यात कोणतं काय?

‘महिन्याचं प्लॅनिंग झालंय’ असं सांगून ठाण्यातल्या घरगुती फराळवाल्या ताई फोन पुढे करतात, तेव्हा गॅलरीत बहुतेकदा एकाच दुपारी काढलेले ढीगभर फोटो असतात. फोटो सुरेख असतात. पण सोशल मीडियावर कोणता कधी टाकायचा आणि तो पाहून गिऱ्हाइकाने काय करायचं, ते ठरलेलं नसतं. हे बॅचिंग झालं. प्लॅनिंग अजून व्हायचंय.

कॅलेंडर म्हणजे कोणत्या तारखेला, कोणाला, काय सांगायचं ते आधी ठरवणं. बॅचिंग म्हणजे एका प्रकारचं काम एका बैठकीत उरकणं: एक दिवस फक्त शूट, दुसऱ्या दिवशी फक्त कॅप्शन. सगळ्या चकल्या एकदम तळून डबे भरून ठेवतो ना, तसंच. कोणाच्या घरी किती किलो जायच्या, ते मात्र कढईपाशी ठरत नाही.

कॅलेंडर सणापासून मागे मोजत करायचं असतं. २०२६ चंच घ्या. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्याच तारखा उतरवून काढल्या तर मोदकांच्या पोस्ट गणपतीच्या अडीच आठवडे आधीच संपतील. शिवाय १७ मे ते १५ जून हा अधिक महिना हाच एक हंगाम आहे. जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायची पद्धत अनेक घरांत आजही आहे, आणि अनारसे घाईचं काम नव्हे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग गुळात मळलेलं पीठ मुरू द्यायचं. महिन्याच्या सुरुवातीलाच वाण देणाऱ्यांची ऑर्डर निदान दहा दिवस आधी हातात हवी, आणि त्याआधी आठवडाभर तरी लोकांच्या नजरेस पडायला हवं. म्हणजे अनारशांची पहिली पोस्ट एप्रिलच्या अखेरीस. दिवाळी पहाटेला ठाण्यातला राम मारुती रोड आणि तलावपाळी माणसांनी फुलून जाते, पण त्या सकाळी फराळाची ऑर्डर कोण देणार? तो दिवस शुभेच्छांचा.

हे ठरलं की मग बॅचिंगला अर्थ येतो, कारण काय शूट करायचं ते माहीत असतं. चकली, शंकरपाळे, चिवडा यांचे फोटो एका बैठकीत सावकाश काढता येतात. उकडीच्या मोदकाचं तसं नाही. चाळणीतून काढला की त्याची तुकतुकी काही मिनिटांत जाते. म्हणून केळीचं पान, तुपाची वाटी, फोनचा स्टँड सगळं आधी मांडून ठेवा, रीलसाठी फोन उभा लावा, आणि मोदक सगळ्यात शेवटी आणा. वाफ दिसायला हवी असेल तर मागे गडद कापड आणि उजेड बाजूने. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की खिडकीतला उजेड सारखा बदलतो आणि फोटो एकसारखे येत नाहीत. गणपतीचं शूट मे महिन्यातच उरकलेलं बरं.

शेड्युलिंग, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप जाईल अशी पोस्ट आधीच लावून ठेवणं, ही तिसरीच गोष्ट, आणि ती निव्वळ सोय आहे. मेटा बिझनेस सूटमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींच्या पोस्ट फुकट लावून ठेवता येतात.

कॅलेंडर आणि बॅचिंग यांपैकी एकालाच वेळ मिळत असेल तर मी कॅलेंडरच करायला सांगेन. वेळेवर टाकलेला साधा फोटो ऑर्डर आणतो. सण उलटून गेल्यावर देखण्या रीलचा उपयोग नाही.

सगळंच आधी करून ठेवू नका. आज किती डबे शिल्लक आहेत, कोणत्या गिऱ्हाइकाने काय कळवलं, हे त्या त्या दिवशीच स्टोरीत किंवा व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचं. ते २४ तासांत जातं, तेवढंच त्याचं आयुष्य. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) वापरत असाल तर तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच तो मेसेज पोचतो, म्हणून प्रत्येक डब्यासोबत नंबर सेव्ह करायची विनंती छापून द्या. आणि ऑर्डर भरल्या की त्याच संध्याकाळी लावून ठेवलेल्या पोस्टची यादी उघडून ‘ऑर्डर सुरू’ म्हणणाऱ्या सगळ्या काढून टाका.