किल्केनीची एलन, सेंट पॉलच्या मदर सेराफिन

आयर्लंडमध्ये 1800 साली नन होत्या जेमतेम 120. 1901 पर्यंत त्या 8,000च्या वर गेल्या. मधल्या काळात देशाची लोकसंख्या मात्र 1841च्या जवळपास 82 लाखांवरून 45 लाखांच्या आत आली होती. माणसं घटली आणि मठ भरले. हा उलटा हिशेब नुसत्या भक्तीने सुटत नाही.

1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं मेली आणि तितकीच, किंबहुना जास्तच, देश सोडून गेली. जी शेतकरी घरं तगली त्यांनी जमिनीचे तुकडे पाडणं थांबवलं. जमीन एका मुलाला, हुंडा एका मुलीला, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. या बाकीच्या मुलींपुढे एक तर जहाज होतं, नाहीतर मठ. आणि हुंडा मठातही लागायचा बरं का! तो आणणारी शाळेत शिकवायची. न आणणारीच्या वाट्याला बहुधा स्वयंपाकघर आणि धुणं यायचं.

काहींनी जहाज आणि मठ दोन्ही धरलं. किल्केनी परगण्यातलं एक कुटुंब असंच निघालं, आडनावही आयर्लंड. वडील रिचर्ड सुतारकाम करायचे. दुष्काळात घर सोडून ही मंडळी मजल दरमजल करत 1852 मध्ये अमेरिकेत, मिसिसिपीकाठच्या सेंट पॉलला (मिनेसोटा) पोचली. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1851 मध्ये, सेंट लुईहून चार धर्मभगिनी तिथे आगबोटीने आल्या होत्या. संघ सेंट जोसेफचा, मूळ फ्रान्समधल्या ल प्युईचा. ओंडक्यांच्या जुन्या देवळापाशी त्यांनी मुलींची शाळा मांडली.

1853 मध्ये तिथल्या बिशपांनी रिचर्डचा मुलगा जॉन याला पाद्री व्हायला फ्रान्सला धाडलं. त्याची बहीण एलन इथेच, या नन्सच्या शाळेत शिकली. 1858 मध्ये ती आणि नात्यातली बहीण, तिचंही नाव एलन (हॉवर्ड), संघात दाखल झाल्या. एक झाली सिस्टर सेराफिन, दुसरी सिस्टर सेलेस्टिन. मागोमाग धाकटी एलायझाही गेली. हे सोपं नव्हतं. 1834 मध्ये बॉस्टनशेजारच्या चार्ल्सटाउनला जमावाने नन्सचा मठ जाळून टाकला होता, आणि आयरिश कॅथलिकांबद्दलचा तो आकस 1850च्या दशकात पुन्हा उफाळला होता.

तरी मुली जात, कारण बाहेर आयरिश मुलीला मिळायची ती बहुतेक घरकामाची नोकरी. संघात तीच मुलगी शाळेची मुख्याध्यापिका होऊ शकायची, इस्पितळाचे हिशेब बघू शकायची. सेराफिन 1882 मध्ये संघाच्या सेंट पॉल प्रांताच्या प्रमुख झाल्या आणि 1921 पर्यंत तो कारभार त्यांच्याच हाती राहिला. भाऊ जॉन आर्चबिशप, म्हणजे बिशपांमधला वरिष्ठ, मग काय, असं कुणी म्हणेल. भावाचा आधार होताच, पण त्याला ते पद मिळालं 1888 मध्ये, म्हणजे बहिणीने सूत्रं घेतल्यावर सहा वर्षांनी.

भावाबहिणीचं साटंलोटं खरं दिसतं ते मुलींच्या कॉलेजच्या वेळी. जॉनने आपल्या भाषणांच्या एका पुस्तकाचे हक्क नन्सना देऊन टाकले. कॉलेजसाठी पैसे जमवायला पुस्तक घेऊन त्या दारोदार फिरल्या. काळ्या झग्यातली सिस्टर उंबऱ्यावर उभी राहून जॉनची भाषणं विकतेय, असं दृश्य मिनेसोटातल्या किती घरांनी पाहिलं असेल! सेंट कॅथरिन कॉलेज 1905 मध्ये सुरू झालं.

अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला 1920 मध्ये. सेराफिन तेव्हा 38 वर्षं शाळा आणि इस्पितळं चालवत होत्या. 1930 मध्ये त्या वारल्या. किल्केनी सोडलं तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या असतील.