पिशवी काढण्यापूर्वी

“अंगावरून पांढरं जातंय, कंबर लई दुखती,” असं सांगत बीडकडची ऊसतोड करणारी बाई दवाखान्यात जाते आणि पुष्कळदा “पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल” हे ऐकून बाहेर पडते. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडावर पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी. तिलाही वाटतं, एकदाची कटकट जाऊ दे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली.

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, औषधाने बरं होणारं. आणि ज्या कॅन्सरची भीती घातली जाते तो बहुधा पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा. तो व्हायच्या कित्येक वर्षं आधी हेरता येतो. याचा जगभर मानला गेलेला एक पुरावा शेजारच्याच जिल्ह्यातून आला आहे, हे विशेष.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण नोंदणीत भूम आणि परांड्याची गावंही होती. पुढे १९९९ मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका, गावांचे ५२ गट, त्यांचे चार भाग. एका भागात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. प्रत्येक चाचणी एकदाच.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. नेहमीच्या सेवेच्या भागात या कॅन्सरने ६४ बायका दगावल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं कितपत योग्य होतं, यावर पुढे बरीच टीकाही झाली, आणि मला ती अगदीच गैरलागू वाटत नाही.

विषाणूच्या चाचणीने एवढा फरक का पडला? हा कॅन्सर जवळपास नेहमीच एचपीव्हीमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात ते दाखवून दिलं आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो की त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडणं निव्वळ अडाणीपणा आहे. बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिनं निकामी करतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीबाधित बाईत त्याहून कमी. एवढ्या काळात ना दुखतं, ना खुपतं. कापसाचं बोंड बाहेरून हिरवंगार आणि आत गुलाबी अळी, तशी गत.

व्हिनेगरची तपासणी अगदी सोपी. सौम्य ॲसिटिक ॲसिड पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. धाराशिवमध्ये ती एकदाच केली तेव्हा मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत मात्र हीच तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ‘नियमित’ या शब्दाचं मोल इथे कळतं. डोळ्यांनी करायच्या तपासणीतून एखादा डाग निसटू शकतो, म्हणून ती पुन्हापुन्हा करावी लागते. विषाणूची चाचणी निर्दोष आली तर पुढची पाच ते दहा वर्षांनी चालते. शिवाय तिचा नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो. लाजेपायी तपासणी टाळणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी ही फार मोठी सोय आहे.

सरकारी नियमावलीप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांची अशी तपासणी कधीतरी झालेली आढळली. डाग सापडलाच तर तो गोठवून किंवा तापवून काही मिनिटांत नष्ट करता येतो, पिशवीला हातही न लावता. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर मात्र शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच जावं.

ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांनी शस्त्रक्रियेचा कागद शोधून ठेवावा. काही शस्त्रक्रियांत पिशवी जाते पण तोंड तसंच राहतं, आणि तोंड असेपर्यंत तपासणी लागतेच. सोबत अंडाशयही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, तेही डॉक्टरांशी बोलावं.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. आषाढ-श्रावणात बाई गावातच असते, आशाताईच्या ओळखीची, उपकेंद्रापासून हाकेच्या अंतरावर. शिबिराची तारीख तेव्हाची हवी.