टोपीखालची साय

जुलैत मावशीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाजच उतरलेला होता. फोंड्यातल्या एका गॅरेजवाल्याने ऑइल भरायची टोपी काढून तिला दाखवली होती. आतून पिवळसर, सायीसारखा चिकट थर. ‘ऑइलात पाणी गेलंय, हेड गॅस्केट गेली, इंजिन खोलावं लागणार.’ (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली, ऑइल आणि थंडाव्याचं पाणी एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी.) रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मी दोनच गोष्टी बघायला सांगितल्या: डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइल आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी. ऑइल नितळ तपकिरी होतं, कूलंट खुणेवर होतं. माझा जीव भांड्यात पडला.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर! त्याची वाफ बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलकडे उतरते. इंजिन पुरेसं तापलं, तर तीही बाहेर ओढली जाते. मावशीची गाडी मात्र घर ते बँक, जेमतेम २ किलोमीटर धावते. ऑइल कोमट होण्याआधीच प्रवास संपतो आणि वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे टोपीखाली, दंवासारखी जमते.

मग तेलात मिसळलेलं हे पाणी पांढरट-पिवळ्या सायीसारखं का दिसतं? सोलकढीसाठी आपण नारळाचा रस काढतो, तोही पांढराच असतो. त्यात पाण्यात तेलाचे बारीक थेंब तरंगतात आणि उजेड सगळीकडे विखुरतो. टोपीखाली उलटं घडतं: तेलात पाण्याचे थेंब.

खरी गळती असेल, तर डिपस्टिकच दुधाच्या चहासारखी दिसते. ऑइलची पातळी न भरताच वर चढते, कूलंट उतरत जातं आणि गाडीखाली थेंबही सापडत नाही. पावसाळ्यात सकाळी पांढरा धूर सगळ्याच गाड्या सोडतात. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही आणि त्याला गोडसर वास आला, तर मात्र सावध व्हावं. दोष दर वेळी गॅस्केटचाच असतो असंही नाही. काही गाड्यांत ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणारा भाग, आतून फुटतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये शिरतं. इंजिन बंद केलं की गरम कूलंटचा दाब उरतो आणि प्रवाह उलटा फिरतो. म्हणून कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का, हेही बघावं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नये.

शंका उरलीच, तर जुने मिस्त्री तापलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकतात. पाणी असेल तर तो चुरचुरतो, नसेल तर नुसता पसरतो. (स्वयंपाकाचा तवा यासाठी अजिबात वापरू नका, कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं.) पाणी उकळून उडून जातं, पण ग्लायकॉल १९७ अंशांखाली उकळत नाही. ते ऑइलातच राहतं, त्याची आम्लं होतात आणि बेअरिंग खातात. म्हणून खरी गळती असेल, तर गाडी टोइंग करूनच न्यावी.

रविवारी मावसभावाने गाडी साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढवून आणली. निघताना टोपी फडक्याने पुसली होती. परतल्यावर इंजिन थंड होऊ दिलं, टोपी काढली. आत ऑइलची पातळ तपकिरी चकाकी, बस्स. मावशीने कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ ओढून ठेवलीय आणि दर सोमवारी ती बघते.